काळ्या रानात हरवलेलं सोनं: मेटल डिटेक्टर कसा निवडायचा, कसा तपासायचा

खुरपणीत कानातलं पडतं, कापूस वेचताना मंगळसूत्राची वाटी तुटते, पाईप जोडताना अंगठी निसटते. मग कुणीतरी ‘गोल्ड डिटेक्टर’ मागवतं. खोक्यावर ‘२ मीटर खोलीपर्यंत’ असं छापलेलं असतं. रानात नेल्यावर यंत्र पहिल्या पावलापासून कोकलत राहतं, नाहीतर आवाज कमी करता करता इतकं मुकं होतं की वर ठेवलेली अंगठीही त्याला कळत नाही. बऱ्याचदा यंत्र बिघडलेलं नसतं, ते त्या मातीसाठी निवडलेलंच नसतं.

मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज असतं. पाषाण झिजून काळी माती झाली तरी ते खनिज मातीत राहतं. डिटेक्टर जमिनीत चुंबकी लहर सोडतो आणि परत येणारा प्रतिसाद ऐकतो. काळी माती स्वतःच इतका प्रतिसाद देते की ग्रॅमभर सोन्याचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून आधी माती पाहायची, मग वस्तू, आणि यंत्र शेवटी. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात.

हा लेख स्वतःच्या रानात हरवलेल्या दागिन्यासाठी आहे. खडकातलं सोनं इथे शोधू नका, दख्खनच्या बेसाल्टात शोधण्याजोगं सोनं नाही. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीची खाण धारवाडी खडकांत आहे, तो खडक वेगळा आणि खूप जुना. शिवाय खनिज शोधायला खाण व खनिजे अधिनियम १९५७ खाली परवाना लागतो.

टप्पा १: यंत्राआधी वखर थांबवा

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. पडलेला दागिना सहसा वरच्या ३ ते ५ सेंटिमीटरात असतो. त्यावरून वखर फिरला की तो ८ सेंटिमीटरावर जातो, नांगर फिरला तर २० च्या खाली. काळ्या मातीत एवढ्या खोलीवरचं कानातलं कुठल्याच यंत्राला सहज सापडत नाही.

शोध होईपर्यंत त्या तुकड्यात औजार, जनावरं आणि पाणी येऊ देऊ नका. दागिना अंगावर शेवटचा कधी पाहिला, त्या दिवशी पिकाच्या कोणत्या तासात (ओळीत) काम चाललं होतं, पाणी प्यायला कुठे बसले, हे त्याच दिवशी विचारून घ्या आणि चारही कोपऱ्यांवर काठ्या रोवा. कापसाची वेचणी असेल तर गाठोडं आणि ओटी आधी झाडा. निम्मे शोध तिथेच संपतात.

उन्हाळ्यात भेगाळलेलं रान असेल तर भेगा बुजवू नका. दागिना भेगेत गेला असेल तर बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनी दिसण्याची शक्यता डिटेक्टरपेक्षा जास्त असते. पहिला मोठा पाऊस पडला की माती फुगते, भेग मिटते आणि वस्तू आत अडकते.

टप्पा २: माती ओळखा

जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला. शोधायच्या जागेतली ग्लासभर माती उन्हात वाळवून, बारीक करून कागदावर पसरा आणि त्यावरून चुंबक एक सेंटिमीटर उंचीवर फिरवा. पिशवी उलटी करून झाडली की काय चिकटलं ते कळतं. चार-दोन कण असतील तर माती सौम्य. दाढीसारखं काळं झुबकं लोंबत असेल तर माती जड आहे, आणि तिथे स्वस्त यंत्र चालणार नाही.

एकाच रानातून किमान चार ठिकाणची माती घ्या. मधली भारी काळी, बांधाजवळची मुरमाड, ओढ्याकाठचा गाळ आणि रस्त्याकडेची खडी पडलेली माती यांत मोठा फरक निघतो. ओढ्याच्या वळणावर काळी रेती साठलेली असते, ती सगळ्यांत त्रासदायक. देगलूर-बिलोलीकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइटी खडक लागतो, तिथली माती बरीच शांत असते. एखाद्या पाहुण्याने तिकडच्या रानात छान चालवलेलं यंत्र जालना-परभणीच्या काळ्यात आणलं की वेडं होतं ते यामुळेच.

चुंबकाच्या परीक्षेला एक मर्यादा आहे. उदगीरकडच्या लालसर जांभ्या मातीत, बेसाल्टच्या दोन थरांमधल्या गेरूसारख्या लाल थरात आणि जळलेल्या मातीत अतिशय सूक्ष्म लोहकण असतात. चुंबकाला ते फार चिकटत नाहीत, पण डिटेक्टरला मात्र धातूसारखे ‘उशिरा’ उत्तर देतात. जुनी वीटभट्टी, चुलीची जागा, पऱ्हाटी जाळलेला कोपरा अशा जागा वहीत वेगळ्या नोंदवा.

टप्पा ३: काय शोधायचंय ते तोलून ठरवा

‘सोनं’ एवढं सांगून भागत नाही. यंत्राला वजनाइतकाच आकारही महत्त्वाचा असतो.

अखंड अंगठी सर्वांत सोपी. ते बंद कडं आहे, त्यात वीज गोल फिरते आणि जोरदार संकेत येतो. तीच अंगठी तुटली की संकेत पडतो. मंगळसूत्राची वाटी पातळ पत्र्याची आणि पोकळ असते, ती मध्यम अवघड. टॉप्स, कुडी आणि नथ लहान, म्हणून अवघड. बारीक साखळी सगळ्यांत वाईट: दहा ग्रॅमची असली तरी यंत्राला ती एक वस्तू दिसत नाही, सुटे सुटे बारके दुवे दिसतात. साखळीच्या शोधात बहुतेकदा आधी तिची कडी किंवा पदक सापडतं. पोतीचे काळे मणी काचेचे असतात, ते बोलत नाहीत. जोडवी चांदीची, चांदी वीज उत्तम वाहते, त्यामुळे ती साध्या यंत्रालाही सापडतात.

सावधान: चाचणीसाठी बाजारातले ‘एक ग्रॅम गोल्ड’ दागिने वापरू नका. आत पितळ किंवा तांबं असतं आणि यंत्राच्या पडद्यावर आकडा वेगळाच येतो. घरातली खरी २ ग्रॅमची अंगठी नायलॉनच्या दोऱ्याला बांधून वापरा. जीव होत नसेल तर गळाला लावायचं शिशाचं बारीक वजन घ्या, संकेताच्या बाबतीत ते बारक्या सोन्याच्या बरंच जवळ जातं.

टप्पा ४: यंत्राची जात निवडा

बाजारात चार जाती आढळतात.

*एका फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ.* सतत लहर सोडणारं साधं यंत्र. फ्रिक्वेन्सी म्हणजे ती लहर सेकंदाला किती वेळा हलते ते, एक किलोहर्ट्झ म्हणजे हजार वेळा. ५ ते ८ किलोहर्ट्झची यंत्रं नाणी आणि चांदीसाठी बरी, टॉप्ससाठी आंधळी. १३ ते २० किलोहर्ट्झ अंगठी आणि वाटीला योग्य. ४० च्या वर गेलं की टॉप्स आणि साखळीचे दुवे ऐकू येऊ लागतात. गॅरेट एटी गोल्ड १८ वर चालतं, मायनलॅब गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ वर, फिशर गोल्ड बग २ तर ७१ वर. मात्र फ्रिक्वेन्सी वाढली की औषधाच्या पाकिटाची चांदी (चमकदार पन्नी) आणि माती दोन्हीही जास्त ऐकू येतात. ७१ किलोहर्ट्झचं यंत्र जड काळ्या रानात सहज वापरता येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

*एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं.* मायनलॅब इक्विनॉक्स या प्रकारातलं. अनेक लहरींची उत्तरं ताडून ते मातीचा वाटा वजा करतं. काळ्या रानात अंगठी, वाटी, टॉप्स या तिन्हींसाठी आमची पहिली पसंती हीच जात, खिसा परवानगी देत असेल तर.

*पल्स इंडक्शन.* झटका देऊन थांबतं आणि मग ऐकतं, त्या थांबण्यात मातीचा बराचसा प्रतिसाद विरून जातो. मायनलॅबचं जीपीएक्स ५००० याच तत्त्वाचं. माती कितीही जड असली तरी खोल जातं, पण लोखंड नीट ओळखत नाही. आपल्या रानात ट्रॅक्टरच्या पिना, मळणी यंत्राचे नट, तारेचे तुकडे, खिळे यांची कमी नाही, त्यामुळे दिवसभर लोखंडच उकरत बसाल. ५ सेंटिमीटरावरच्या कानातल्यासाठी एवढा खर्च करू नये. त्यातही ग्राउंड बॅलन्स (टप्पा ५ पाहा) नसलेलं स्वस्त पल्स यंत्र जांभ्या मातीत आणि भट्टीच्या जागी खोटंच बोलतं.

*दूरचं सोनं दाखवणारी अँटेना, ‘थ्रीडी स्कॅनर’ आणि मीटरभर चौकटीचं डीपसीकर.* पहिल्यात मुठीवर फिरणारी काडी असते, ती हाताच्या कलाने फिरते. असल्याच रिकाम्या काडीला बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्याला २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली. मोठ्या चौकटीचं यंत्र मात्र खोटं नसतं, ते हंडा किंवा ड्रम शोधतं, पण अंगठी त्याच्या हिशेबातच नसते. कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तारेची चकती, जितकी मोठी, तितकी बारकी वस्तू हरवते.

सावधान: या चौथ्या प्रकाराबरोबर बहुधा गुप्तधनाची भाषा येते. जमिनीत पुरलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर निखात निधी अधिनियम १८७८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर तुरुंगवास होऊ शकतो. संरक्षित स्मारक किंवा पुरातत्त्वीय स्थळाच्या हद्दीत यंत्र घेऊन खणायला जाऊच नका. तेर, पैठण, भोकरदन ही तर सातवाहनकाळापासूनची गावं आहेत, तिथे ही काळजी दुप्पट. गुप्तधनासाठी पूजा मांडणारा बाबा सोबत आला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागू होऊ शकतो.

टप्पा ५: तीन गोष्टी नसतील तर यंत्र परत ठेवा

पहिली, ग्राउंड बॅलन्स. मातीचा आवाज शून्यावर आणायची ही सोय. ती तीन रूपांत मिळते: कारखान्यात ठरवलेली, आपोआप होणारी आणि हाताने जुळवायची. गॅरेट एस २५० सारख्या यंत्रात ती कारखान्यातूनच कायमची ठरलेली असते, सौम्य मातीत चालते, काळ्यात नाही. हाताने किंवा बटण दाबून जुळवता येणारंच यंत्र घ्या. नोक्टा सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झचं असलं तरी त्यात ग्राउंड बॅलन्स जुळवता येतो, म्हणून कमी पैशात अंगठी आणि चांदीसाठी ते बरं.

दुसरी, कॉइल. डीडी प्रकारची हवी. तिचं क्षेत्र सुरीच्या पात्यासारखं उभं आणि अरुंद असतं, त्यामुळे एका वेळी कमी माती दिसते. एकात एक वर्तुळं असलेली कॉन्सेंट्रिक कॉइल शंकूसारखी पाहते, जास्त माती गोळा करते आणि जड जमिनीत जास्त गोंधळते. मापही लहान घ्या. ११ इंची कॉइल दुकानात रुबाबदार दिसते, पण तुरीच्या धसकटांत ती बसतच नाही आणि माती दुप्पट उचलते. ५ ते ६ इंची गोल किंवा १० बाय ६ ची लंबगोल घ्या. गोल्ड मॉन्स्टरबरोबर अशा दोन कॉइली येतात, बाकी यंत्रांना लहान कॉइल सुटी मिळते का ते आधीच विचारा.

तिसरी, सेन्सिटिव्हिटी (यंत्राचा कान किती तीक्ष्ण ठेवायचा ते) टप्प्याटप्प्याने कमी करता येणं. तीनच पायऱ्या असलेलं यंत्र काळ्या रानात अडकतं.

पडद्यावरचे रंग, ब्लूटूथ आणि ‘गोल्ड मोड’चं स्टिकर या तिन्हींनंतर.

टप्पा ६: पैसे देण्याआधीची परीक्षा

दुकानातल्या फरशीवर अंगठी ठेवून यंत्र वाजवून दाखवतात. ती परीक्षा जवळपास निरुपयोगी. फरशीखाली सळई असते आणि हवेत माती नसते. हवेत २० सेंटिमीटरावरून अंगठी ओळखणारं यंत्र काळ्यात १० वर आलं तर ते चांगलंच समजा.

आपल्या रानाची वरच्या १५ सेंटिमीटरातली २०-२५ किलो माती खताच्या गोणीत भरून न्या. आधी तिच्यातून चुंबक फिरवून लोखंडाचे तुकडे काढा. प्लास्टिकच्या टबात माती पसरून टब फरशीपासून किमान अर्धा मीटर उंच, लाकडी पाटावर ठेवा. आधी नुसत्या मातीवर ग्राउंड बॅलन्स होतो का पाहा. मग अंगठी ३, ६ आणि १० सेंटिमीटरावर ठेवून दोन्ही बाजूंनी कॉइल फिरवा.

विक्रेता रानात यायला तयार असेल तर याहून चांगली परीक्षा आहे. नुकतीच उकरलेली माती मूळ जमिनीसारखं वागत नाही, म्हणून अंगठी पुरू नका. हातभर खोल खड्डा खणा. त्याच्या उभ्या भिंतीत पृष्ठभागापासून ५, १० आणि १५ सेंटिमीटरांवर ५० सेंटिमीटर लांब आडवी भोकं पाडा. वायरिंगच्या प्लास्टिक पाईपच्या टोकाला अंगठी चिकटपट्टीने लावून पाईप भोकात सरकवा. वरची माती जशीच्या तशी राहते, आणि अंगठी खड्ड्याच्या पोकळीपासून पुरेशी दूर जाते.

तपासा: यंत्र चालवणाऱ्याला पाठमोरं करा. दुसऱ्याने दहा वेळा पाईप सरकवायचा, कधी अंगठीसह, कधी रिकामा, आणि क्रम कागदावर लिहायचा. चालवणाऱ्याने प्रत्येक वेळी ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगायचं. दहापैकी आठ बरोबर आली तर त्या खोलीवर यंत्र कामाचं. पाच-सहा म्हणजे नाणेफेक. अँटेनावाला विक्रेता या परीक्षेला तयार होत नाही, तिथेच निकाल लागतो.

बिल, वॉरंटी आणि कॉइल बिघडली तर दुरुस्ती कोण करणार, हे लिहून घ्या. नामांकित यंत्रांच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत. क्रमांक उत्पादकाकडे तपासल्याशिवाय जुनं यंत्र घेऊ नका.

टप्पा ७: रानात जुळवणी, याच क्रमाने

रान वाफशावर असताना शोधा. चिबडलेल्या काळ्यात ओलावा आणि क्षार वीज वाहतात आणि गोंगाट वाढतो. कोरड्या ढेकळांत कॉइल आपटते आणि प्रत्येक आपटीला आवाज येतो.

१. चावी, मोबाईल, खुरपं, लोखंडी टाचेचे बूट दूर ठेवा. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळा, ती हलली तरी यंत्र बोलतं.

२. कुंपणाचं झटका मशीन बंद करा. बोअरची मोटर, स्टार्टर आणि वरून जाणारी लाईन यांचाही त्रास होतो. ठराविक अंतराने ‘टक्-टक्’ ऐकू येत असेल तर तो झटक्याचाच आवाज.

३. सेन्सिटिव्हिटी मध्यावर आणा. कॉइल स्थिर धरून फ्रिक्वेन्सी बदलण्याची किंवा नॉइज कॅन्सलची सोय वापरा.

४. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळायची सोय) काढून ऑल मेटलवर, म्हणजे सगळे धातू ऐकणाऱ्या मोडवर या.

५. धातू नसलेल्या हातभर जागेवर कॉइल २५ सेंटिमीटरापासून ३ सेंटिमीटरापर्यंत खाली-वर करत ग्राउंड बॅलन्स करा. खाली नेताना आणि वर आणताना आवाज सारखा राहिला की जुळलं.

६. आता सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी वाढवा. यंत्र तुटक बडबडू लागलं की दोन पायऱ्या मागे या आणि पुन्हा बॅलन्स करा.

सगळ्यांत जास्त गल्लत सहाव्या पायरीवर होते. सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवली की खोल जाईल असं वाटतं. जड मातीत उलटं होतं: मातीच इतका प्रतिसाद देते की यंत्र गुदमरतं आणि खरा संकेत दाबला जातो.

काळ्यातून मुरमाड बांधाकडे सरकलात तर पाचवी पायरी पुन्हा करा, नाहीतर दर अर्ध्या तासाने. आपोआप माग काढणारा ट्रॅकिंग बॅलन्स बदलत्या मातीत सोयीचा, पण संशयित जागेवर कॉइल पुन्हा पुन्हा फिरवताना तो बंद करा. नाहीतर बारकं सोनंच माती समजून तो पुसून टाकतो.

टप्पा ८: फिरवणं आणि उकरणं

सुतळीने एक-एक मीटरचे पट्टे पाडा. धसकटं जमिनीलगत छाटा. कॉइल जमिनीपासून २-३ सेंटिमीटर, एकसारख्या उंचीवर, झोक्यासारखी टोकाला वर न नेता फिरवा. पुढचा फेरा मागच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे. मीटरभर जायला दोन-तीन सेकंद लागू द्या.

आकड्यावर विसंबू नका. लहान सोनं अॅल्युमिनियमच्या पन्नीच्या आकड्यात पडतं, आणि जड मातीत आणखी खाली घसरून लोखंडासारखं दिसतं. कपाशीच्या रानात तर कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडाची चांदी जागोजागी पडलेली असते, तिचा आणि टॉप्सचा आवाज जवळपास एक. ती उकरायचा कंटाळा केला तर टॉप्सही राहील.

तपासा: संकेत आला की ९० अंशांत वळून पुन्हा फिरवा. दोन्हीकडून एकाच ठिकाणी आला तर धातू. मग कॉइल हळूहळू उचला. बेसाल्टचा ‘तापट’ दगड किंवा भाजलेली वीट असेल तर आवाज चार बोटं उचलताच गायब होतो, धातूचा आवाज हळूहळू विरतो.

उकरायला लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकची फावडी घ्या. नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, म्हणजे पिनपॉइंटरही काळ्या मातीला भुलतो, म्हणून सेन्सिटिव्हिटी बदलता येणारा घ्या आणि खड्ड्याच्या तळाला टेकवूनच चालू करा. माती प्लास्टिकच्या घमेल्यात काढून घमेलं कॉइलखाली धरा. आवाज घमेल्यात असेल तर मुठी-मुठीने वाटत जा. काळी ढेकळं हाताने फोडा, पाण्यात टाकू नका, चिखल झाला की टॉप्सची फिरकी त्यात चिकटून राहते. एक वस्तू सापडली तरी त्याच खड्ड्यावर आणि त्याच्या भोवतीच्या मीटरभर जागेवर पुन्हा कॉइल फिरवा: वाटीच्या जोडीची दुसरी वाटी, टॉप्सची फिरकी, साखळीचा उरलेला तुकडा बहुधा तिथेच असतो.